अर्धशिशीचे दिवस मोजताना

‘किती दुखतं?’ असं डॉक्टरांनी विचारलं की अर्धशिशीचा रुग्ण ‘खूप’ म्हणतो. त्या ‘खूप’वरून औषध ठरवणं कठीण असतं. म्हणून रिचर्ड लिप्टन आणि वॉल्टर स्टुअर्ट या अमेरिकी संशोधकांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस ‘मिडास’ नावाची पाच प्रश्नांची प्रश्नावली तयार केली. गेल्या तीन महिन्यांत डोकेदुखीमुळे नोकरीत किंवा शाळा-कॉलेजात किती खाडे झाले? किती दिवस तिथं जाऊनही काम निम्म्यावर आलं? घरकाम किती दिवस झालंच नाही? किती दिवस ते निम्म्यावर आलं? आणि घरच्या, समाजातल्या किंवा विरंगुळ्याच्या गोष्टी किती दिवस बुडाल्या? पाचही उत्तरांची बेरीज केली की झाला गुण. ५ पर्यंत म्हणजे त्रास नगण्य, ६ ते १० सौम्य, ११ ते २० मध्यम आणि २१ पासून पुढे तीव्र.

हा गुण वेदना मोजतो, असं अनेकांना वाटतं. तो वेदना मोजत नाही. डोकं एकूण किती दिवस दुखलं आणि ० ते १० मध्ये किती दुखलं, असे आणखी दोन प्रश्न कागदावर असतात खरे, पण ते बेरजेत धरत नाहीत. मोजायचं असतं ते बुडालेलं आयुष्य, तेही दिवसांत. बेरीज ९० च्या वर गेलेली पाहून कुणी ती चुकली असं समजू नये. ऑफिसही बुडालं आणि लग्नाचं आमंत्रणही, तर एकच दिवस दोन ठिकाणी मोजला जातो. गुण २७० पर्यंत जाऊ शकतो.

ही इंग्रजी प्रश्नावली मराठीत वापरायची तर भाषांतर लागतं. आता त्याकडे येऊ. ‘चांगला भाषांतरकार गाठला, दुसऱ्याकडून उलट इंग्रजी करून घेतलं, मुळाशी जुळलं, काम संपलं’ हा समज डॉक्टरांमध्येही आढळतो. उलट भाषांतर ही गाळणी उपयोगाची आहे, पण तिची भोकं मोठी आहेत. शब्दाला शब्द ठेवून केलेलं अवघडलेलं मराठी उलट इंग्रजीत अगदी हुबेहूब परततं. ते वाचणाऱ्या बाईला मात्र काहीच कळलेलं नसतं. म्हणून पुढची पायरी लागते. तीस-चाळीस रुग्णांना प्रश्नावली भरायला देतात आणि मग शेजारी बसून विचारतात, ‘हा आकडा तुम्ही कसा काढलात?’ खरी मजा इथेच कळते. कुणी दिवस मोजण्याऐवजी डोकेदुखीचे झटके मोजलेले असतात. कुणाचे तीन महिने गणपतीपासून सुरू होतात, मग गणपती होऊन पाच महिने का झालेले असेनात.

माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ द्यावा तो शून्याला. ‘शून्य म्हणजे त्रास नाही’ हा या साऱ्या प्रकरणातला सर्वांत महागडा गैरसमज आहे. मूळ सूचनेतच म्हटलं आहे की गेल्या तीन महिन्यांत ते काम तुम्ही करतच नसाल, तर शून्य लिहा. म्हणजे एकाच शून्यात दोन माणसं बसतात: एकही खाडा न झालेला कारकून आणि बाहेर नोकरीच नसलेली गृहिणी. पहिल्या दोन प्रश्नांत गृहिणीला शून्यच मिळणार, त्यामुळे तिची कमाल मर्यादा २७० वरून १८० वर येते. तिसऱ्या प्रश्नाचं काय? डोकं फुटत असतानाही कुकर तिनंच लावलेला असतो, कारण लावणारं दुसरं कुणी नसतं. ‘घरकाम झालंच नाही असे दिवस किती?’ याला ती प्रामाणिकपणे ‘एकही नाही’ म्हणते. चौथ्या प्रश्नालाही ‘नाही’ म्हणते, कारण काम सगळं झालं, फक्त दुपारी आटपायचं ते रात्री दहाला आटपलं. तिचा गुण ‘नगण्य त्रासा’त जाऊन बसतो. अर्धशिशी पुरुषांपेक्षा बायकांमध्ये दोन-तीन पटींनी जास्त आढळते, हे लक्षात घेतलं तर हा तपशील किरकोळ राहत नाही. दुसऱ्यांच्या घरी धुणीभांडी करणाऱ्या बाईंचा पेच आणखी वेगळा. त्यांचं घरकाम हीच नोकरी. बुडालेला दिवस पहिल्या प्रश्नात घालायचा की तिसऱ्या? भाषांतरानं हे स्पष्ट सांगितलं नाही, तर प्रत्येक जण आपापल्या परीनं ठरवतो. रोजंदारीवरच्या मजुराचंही तसंच. खाडा केला तर रोज बुडतो, म्हणून तो दुखतं डोकं घेऊन कामावर जातो. त्याचा त्रास दिसला तर दुसऱ्या प्रश्नातच दिसेल.

त्यानंतर येतात आकडे. क्रॉनबाखचा अल्फा हा अंक पाचही प्रश्न एकमेकांशी किती मेळ खातात ते सांगतो, आणि ०.७ च्या वर गेला की लोक समाधान मानतात. तो जितका जास्त तितकं भाषांतर चांगलं, असं मात्र नाही. पहिल्या प्रश्नात मोजलेला दिवस दुसऱ्यात धरायचा नाही, तिसऱ्यातला चौथ्यात धरायचा नाही, अशी या प्रश्नावलीची रचनाच आहे. मूळ इंग्रजी प्रश्नावलीचा अल्फा अमेरिकेत ०.७६ आणि ब्रिटनमध्ये ०.७३ आला होता. एखाद्या भाषांतराचा ०.९५ आला तर मी अभिनंदन करण्याआधी विचारेन, लोकांनी तेच दिवस दोनदा तर मोजले नाहीत ना?

‘दोन्ही वेळा तेच उत्तर आलं, म्हणजे ते खरं’ हेही तपासून घ्यावं लागतं. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मूळ चाचणीत सुमारे तीन आठवड्यांच्या अंतरानं तीच प्रश्नावली पुन्हा भरून घेतली, तेव्हा सहसंबंध ०.८० च्या आसपास होता. पण दोन्ही वेळचे आकडे एकमेकांच्या जोडीनं वर-खाली होतात का, एवढंच सहसंबंध पाहतो. ते सारखेच आहेत का, हे तो पाहत नाही. दुसऱ्या खेपेला सगळ्यांनी पाच-पाच दिवस वाढवून सांगितले, तरी तो पूर्ण १ येईल. आणि ८ गुणांचा सौम्य रुग्ण मात्र १३ वर जाऊन मध्यम ठरेल. म्हणून दोन उत्तरं प्रत्यक्ष किती जुळतात ते मोजणारी रीतही वापरावी लागते. शिवाय माणूस तीच चूक दोनदा करू शकतो. तिला पकडायचा उपाय म्हणजे डायरी. २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १४४ रुग्णांनी ९० दिवस डायरी लिहिली आणि शेवटी प्रश्नावली भरली. दोन्हींचा सहसंबंध ०.६३ निघाला. मूळ भाषेतही आठवण एवढीच साथ देते. भाषांतराकडून याहून फार मोठी अपेक्षा ठेवण्यात अर्थ नाही, पण निदान अशी डायरी लिहून घ्यायला हवी. बहुतेक वेळा नेमकी तीच गाळली जाते, कारण तीन महिने रुग्ण धरून ठेवणं जिकिरीचं असतं.

ही प्रश्नावली भरून घरबसल्या निदान होतं, असं समजणाऱ्यांसाठी एकच वाक्य: त्रास अर्धशिशीचा आहे की आणखी कशाचा, हे ती सांगतच नाही.

राहिला वाचता न येणाऱ्यांचा प्रश्न. ‘मोठ्यानं वाचून दाखवू, त्यात काय?’ असं म्हणतात. मूळ प्रश्नावली रुग्णानं स्वतः भरायची आहे. विचारणारा आला की ती पद्धत बदलते, आणि बदललेली पद्धत पुन्हा तपासावी लागते. तपासताना खोलीत आणखी कोण बसलं होतं, याचीही नोंद ठेवावी. सुनेला घरकामाचे दिवस विचारत असताना सासूबाई शेजारी असतील, तर येणारा आकडा एकट्या सुनेचा नसतो.