मुलाखतीतली झाकली मूठ

शिक्षण विचारून झाले, आधीच्या नोकरीतले काम विचारून झाले, पगाराची अपेक्षाही निघाली. उमेदवार जरा सैलावतो आणि तेवढ्यात टेबलापलीकडून प्रश्न येतो, ‘तुमचे वीक पॉइंट कोणते?’ तोंडाला कोरड पडते, तळहात ओलसर होतात आणि बहुतेकांच्या तोंडून ठरलेले वाक्य निघते : ‘सर, मला प्रत्येक काम अगदी परफेक्ट लागतं, तोच माझा वीकनेस.’ विचारणारा मान डोलावतो. हे उत्तर त्याने त्या दिवशी सकाळपासून तीन-चार वेळा तरी ऐकलेले असते.

कॉलेजातल्या कॅम्पस मुलाखती असोत, खासगी बँकेतली भरती असो की एमआयडीसीतल्या कारखान्यातली, हा प्रश्न सहसा चुकत नाही. आपल्याकडे तो जास्तच अवघड जातो. स्वतःची बढाई मारू नये आणि स्वतःचे उणेही चारचौघांत काढू नये, अशी दुहेरी शिकवण घरातूनच मिळालेली असते. झाकली मूठ सव्वा लाखाची हे ऐकत वाढलेल्या मुलाने ती मूठ नेमकी नोकरी देणाऱ्यापुढे उघडायची, तीही अनेकदा इंग्रजीत! गडबड होणार नाही तर काय?

ही गडबड मनाइतकीच शरीराचीही असते. मुलाखतीने शरीरावर येणारा ताण इतका भरवशाचा आहे, की शास्त्रज्ञांनी त्यालाच प्रयोगाचे साधन बनवले. जर्मनीतल्या ट्रिअर विद्यापीठात क्लेमेन्स किर्शबाउम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये एक चाचणी प्रसिद्ध केली. आज ती ‘ट्रिअर सोशल स्ट्रेस टेस्ट’ या नावाने जगभर वापरली जाते. तिच्यात सहभागी व्यक्तीला सांगतात, तुम्ही नोकरीसाठी अर्ज केला आहे, या नोकरीला तुम्हीच योग्य कसे ते समितीला पटवून द्या. तयारीला थोडा वेळ, मग पाच मिनिटे बोलायचे. समोर कॅमेरा आणि चेहऱ्यावरची रेषही न हलवणारे परीक्षक. ते हसत नाहीत, मान डोलावत नाहीत. त्यानंतर १०२२ मधून १३ वजा करत जायचे, तेही तोंडी. चुकले की पुन्हा पहिल्यापासून.

या दहा मिनिटांत बहुतेकांच्या हृदयाचे ठोके वाढतात आणि लाळेतले कॉर्टिसॉल चढते. मूत्रपिंडांच्या वर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींतून स्रवणारे हे संप्रेरक ताणाच्या प्रसंगी शरीराला इंधन मोकळे करून देते. पण आवाज, अवघड गणित, भीतिदायक चित्रपट अशा इतर ताणांपेक्षा मुलाखतीत वेगळे काय असते? सॅली डिकरसन आणि मार्गारेट केमेनी यांनी २००४ मध्ये प्रयोगशाळेतल्या २०८ अभ्यासांचा एकत्रित धांडोळा घेतला. कॉर्टिसॉल सर्वाधिक वाढते ते दोन गोष्टी जुळून आल्या की, असे त्यात दिसले : दुसरे कोणी आपले मूल्यमापन करत आहे, आणि परिस्थिती आपल्या हातात नाही. उणिवेचा प्रश्न म्हणजे या दोन्हींचा अर्कच.

त्यात आणखी एक अडचण. ताणाच्या काळात मेंदूला साठवणीतल्या आठवणी शोधून काढणे जड जाते. निरोगी माणसांना कॉर्टिसोनची गोळी देऊन केलेल्या प्रयोगातही आधी पाठ केलेले शब्द आठवण्याची क्षमता कमी झालेली आढळली होती. म्हणजे ‘गेल्या वर्षी माझं काय चुकलं होतं बरं’ हा शोध मुलाखतीच्या खुर्चीत बसून सुरू केला, तर हाती काही लागण्याची शक्यता कमीच. मग इंटरनेटवर वाचलेले, मित्राने सांगितलेले तयार वाक्य धावून येते.

ते वाक्य कितपत कामाला येते, हेही तपासले गेले आहे. ओवुल सेझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे विनयाच्या वेशातल्या बढाईवरचे संशोधन २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातल्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांना मुलाखतीतला हाच प्रश्न देऊन उत्तर लिहायला सांगितले होते. तीन चतुर्थांशांहून अधिक जणांनी उणीव म्हणून गुणच सांगितला : मी फारच काम करतो, मला सगळे परिपूर्ण लागते, मी जरा जास्तच चांगुलपणाने वागतो. ही उत्तरे त्रयस्थांना वाचायला दिली, तेव्हा त्यांचा कल खरी उणीव सांगणाऱ्यांना नोकरी देण्याकडे अधिक होता. त्याच संशोधनातल्या इतर प्रयोगांत असे दिसले, की सरळ बढाई मारणारा माणूसही या आडवळणी बढाईखोरापेक्षा लोकांना बरा वाटतो. कारण उघड आहे. सरळ बढाईत निदान खोटेपणाचा वास नसतो.

यात ‘परफेक्शनिझम’ची गंमत अशी, की उमेदवार जो गुण म्हणून मिरवतो तो मानसोपचारतज्ज्ञांच्या लेखी खरोखरच काळजीचा विषय आहे. स्वतःकडून अवास्तव अपेक्षा ठेवणे, चूक झाली की दिवसेंदिवस स्वतःला कोसणे, या प्रवृत्तीचा नैराश्य, चिंताविकार आणि खाण्याच्या विकारांशी संबंध अनेक अभ्यासांत दिसला आहे. थॉमस करन आणि अँड्र्यू हिल यांनी अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटनमधल्या ४१ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांची १९८९ ते २०१६ या काळातली माहिती एकत्र करून पाहिली. तरुणांमध्ये परिपूर्णतेचा हट्ट वाढत गेलेला दिसला, आणि सर्वांत जास्त वाढली ती ‘लोकांना मी निर्दोषच हवा आहे’ ही भावना. ज्याला हा त्रास खरोखर आहे, तो हातातले काम सोपवत नाही, मुदती चुकवतो, रात्री झोपत नाही. मुलाखतीत ऐटीत सांगितलेल्या वाक्यात यातले काहीच नसते.

मग मूठ सरळ उघडावी का? तर तेही इतके सोपे नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एलियट ॲरन्सन यांचा १९६६ मधला एक प्रयोग या ठिकाणी उपयोगी पडतो. विद्यार्थ्यांना प्रश्नमंजूषेच्या एका स्पर्धकाचे ध्वनिमुद्रण ऐकवले गेले. काहींनी ऐकलेला स्पर्धक हुशार, ९२ टक्के उत्तरे बरोबर देणारा. इतरांनी ऐकलेला सामान्य, ३० टक्के उत्तरे देणारा. दोन्हींच्या काही ध्वनिमुद्रणांत शेवटी स्पर्धकाच्या हातून अंगावर कॉफी सांडल्याचा आवाज होता. कॉफी सांडलेला हुशार स्पर्धक ऐकणाऱ्यांना अधिक आवडला. सामान्य स्पर्धकाने कॉफी सांडली, तेव्हा तो आधीपेक्षाही नावडता झाला.

यावरून मुलाखतीपुरते घ्यायचे ते असे, की उणीव माणसाला जवळ आणते, पण त्याआधी त्याला काम येते हे समोरच्याला पटलेले असावे लागते. आणि ती उणीव कामाच्या गाभ्याशी नको. हिशेबनिसाच्या जागेसाठी आलेल्याने ‘माझ्या बेरजा चुकतात’ म्हणून प्रामाणिकपणाचे गुण मिळत नाहीत. ती जागा त्याच्यासाठी नव्हेच, एवढेच त्यातून कळते.

सांगायचे काय याइतकेच सांगायचे कसे हेही महत्त्वाचे, आणि त्याबद्दलचे सर्वांत बोलके संशोधन अडखळत बोलणाऱ्यांवर झाले आहे. प्रौढांमध्ये साधारण शंभरात एकाला तोतरेपणा असतो आणि मुलाखत ही त्यांची खरी सत्त्वपरीक्षा. टेक्सास विद्यापीठातल्या कोर्टनी बर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ऐकणाऱ्यांना वेगवेगळ्या सुरुवातींची बोलणी ऐकवली. एकात बोलणारा आधी माफी मागतो. दुसऱ्यात तो शांतपणे माहिती देतो, मी अडखळत बोलतो, त्यामुळे काही शब्द पुन्हा ऐकू येतील, काही विचारायचे असल्यास विचारा. माहिती देणारा ऐकणाऱ्यांना अधिक आत्मविश्वासू आणि मोकळा वाटला. माफी मागितल्याने तसा फायदा झाला नाही.

हा निष्कर्ष तोतरेपणापुरता असला, तरी त्यातला धडा मराठी माध्यमातून आलेल्या हजारो मुला-मुलींना वापरून पाहण्यासारखा आहे. ‘सॉरी सर, माझं इंग्लिश तेवढं चांगलं नाही’ हे वाक्य मुलाखतीच्या खोल्यांत रोज ऐकू येते. त्याऐवजी असे म्हणता येते : ‘माझं शिक्षण मराठीतून झालं. इंग्रजी वाचलेलं मला नीट समजतं, ईमेलही लिहिते. बोलताना शब्द शोधायला जरा वेळ लागतो. सहा महिन्यांपासून रोज बहिणीशी अर्धा तास इंग्रजीतच बोलते.’ यात माफी नाही, बढाईही नाही. काय जमते, काय जमत नाही आणि त्यावर काय चालले आहे, एवढेच आहे. अर्थात बहिणीशी बोलणे खरोखर चालू असले पाहिजे. अनुभवी मुलाखतकाराचा पुढचा प्रश्न तोच असतो : ‘काल कशावर बोललात?’

म्हणून तयारी घरी करायची ती वाक्याची नव्हे, प्रसंगाची. गेल्या वर्ष-दोन वर्षांतला एखादा खरा प्रसंग, जिथे आपल्यामुळे काम अडले : प्रकल्पाची मुदत चुकली, सहकाऱ्याला निरोप द्यायचा राहिला, सगळ्यांसमोर बोलताना मुद्देच विसरले. तो कागदावर लिहावा आणि घरातल्या कोणाला तरी मोठ्याने सांगून पाहावा. आपली उणीव सापडत नसेल, तर आईला किंवा जुन्या रूममेटला विचारावे. यादी लगेच मिळते! आणखी एक गोष्ट करण्यासारखी आहे. डेव्हिड क्रेसवेल आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये दाखवले, की ताणाच्या चाचणीआधी ज्यांनी आपल्या आयुष्यात कशाला मोल आहे, कुटुंब, कला, श्रद्धा, मैत्री, त्यावर विचार केला, त्यांचे कॉर्टिसॉल इतरांइतके चढले नाही. प्रतीक्षा कक्षात मोबाइलवर उत्तरे घोकण्यापेक्षा हे नक्कीच बरे.

एका बाबतीत मात्र मूठ झाकलेलीच ठेवण्याचा उमेदवाराला पूर्ण अधिकार आहे. उणीव म्हणजे आजार नव्हे. प्रश्न ऐकून बावरलेला उमेदवार कधी कधी ‘मला आधी डिप्रेशन होतं’, ‘मला शुगर आहे’, ‘फिट्सची गोळी चालू आहे’ असे सांगून बसतो आणि मग घरी आल्यावर रात्रभर तळमळतो. ‘वीक पॉइंट’ विचारणाऱ्याने कामाच्या सवयी विचारलेल्या असतात, आरोग्याचा इतिहास नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार मानसिक आजाराच्या उपचारांची माहिती गोपनीय राहणे हा रुग्णाचा हक्क आहे. त्याच वर्षीच्या एचआयव्ही-एड्सविषयक कायद्याने नोकरीची अट म्हणून एचआयव्ही चाचणी करायला लावण्यास मनाई केली आहे. काही कामांत वैद्यकीय तपासणी आवश्यकच असते. रेल्वेच्या लोको पायलटला रंग नीट ओळखता आले पाहिजेत, त्यात कोणाचे दुमत नाही. पण त्यासाठी वेगळी तपासणी आणि वेगळे अर्ज असतात. तिथे विचारलेल्या माहितीचे उत्तर खरेच द्यायला हवे, कारण खोटी माहिती पुढे नोकरीवर बेतू शकते. अपंगत्वामुळे कामाच्या जागी काही सोय हवी असेल, तर ती मागताना सांगावे लागते. तेही माफी मागत नव्हे, तर काय सोय केली की काम कसे होईल, अशा भाषेत.

आणि इतके करूनही नोकरी मिळाली नाही, तर? चार-पाच नकारांनंतर अनेक तरुणांना मुलाखतीतले ते एक वाक्य रात्री छातीवर बसल्यासारखे आठवत राहते. आपण असे बोललो म्हणूनच गेले, असा हिशेब सुरू होतो. झोप उडाली, भूक मंदावली, घरात बोलणे कमी झाले आणि हे दोन आठवड्यांहून जास्त चालले, तर डॉक्टरांना दाखवायला हवे. शासनाची ‘टेली-मानस’ ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र उपलब्ध आहे.

शिवाय तो निकाल मुळात तितकासा पक्का नसतो, ही गोष्ट नकार पचवणाऱ्यांनी ध्यानात घ्यावी. फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर यांनी १९९८ मध्ये भरतीच्या पद्धतींवरील ८५ वर्षांच्या संशोधनाचा आढावा घेतला. मनात येईल ते विचारत जाणाऱ्या मुलाखतीपेक्षा सर्वांना तेच प्रश्न ठरावीक क्रमाने विचारणारी आणि ठरलेल्या मोजपट्टीने गुण देणारी मुलाखत पुढच्या कामाचा अंदाज जास्त चांगला देते, असे त्यात आढळले. पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये ही आकडेमोड नव्याने केली. जुने बरेचसे आकडे खाली आले, पण अशी आखीव मुलाखत यादीत सर्वांत वर राहिली.

तेव्हा प्रश्न बदलण्याचे काम विचारणाऱ्याकडेही आहे. ‘तुमचे वीक पॉइंट कोणते’ या प्रश्नाने तपासला जातो तो मुख्यतः पाठांतराचा सराव. ‘गेल्या वर्षभरात तुमच्या हातून झालेली एखादी चूक सांगा. ती कशी लक्षात आली, कोणाला सांगितलीत, पुढे काय बदललंत?’ असे विचारले, तर बोलायला खरा प्रसंग लागतो. त्यासाठी मोठे मनुष्यबळ खाते नको. वीस माणसांच्या वर्कशॉपच्या मालकालाही हे चार प्रश्न एका कागदावर लिहून येईल त्या प्रत्येकाला त्याच क्रमाने विचारता येतात, आणि उमेदवार दाराबाहेर पडल्याबरोबर, पुढच्याला आत बोलावण्याआधी, त्याच कागदावर गुण मांडता येतात.