नदीकाठी तंबू टाकण्याआधी

बचत गटांच्या बैठकांत सध्या एक प्रश्न सारखा निघतो. नागपूरची मंडळी शनिवार-रविवारी आपल्याकडे येतात, नदीकाठी तंबूत राहायचे म्हणतात आणि जेवण करून द्याल का, असे विचारतात. गटाने हे काम घ्यावे का? आमचे मत आहे, घ्यावे. पण नुसता डबा पोचवून मोकळे होता येणार नाही. पाहुणा आपल्या गावच्या काठावर रात्र काढणार, तर जागा आपणच दाखवली पाहिजे.

या मुक्कामात खोली नाही, वीज नाही, नळ नाही, संडास नाही. कापडी तंबू आणायचा, चूल मांडायची, सकाळी सगळे गुंडाळून परत जायचे. शहरातल्यांना याचे अप्रूप. आपल्याकडे धानाच्या खळ्यावर जागलीला जाणे घरोघरी माहीत आहे. पण खळे तेच राहते, नदीचा काठ दर पावसाळ्यात बदलतो.

म्हणून पहिली गोष्ट: रेतीत तंबू नको. पाहुण्यांना नेमकी रेतीच आवडते, कारण ती मऊ, सपाट आणि फोटोला छान. पण वैनगंगेचे पाणी आपल्या आभाळाकडे पाहून येत नाही. २०२० च्या ऑगस्टअखेर भंडारा शहरात पाणी शिरले, ते मुख्यतः वरून, मध्य प्रदेशातून आले होते. शिवनी जिल्ह्यातल्या संजय सरोवराचे पाणी सोडले की ते आपल्यापर्यंत वाहत येते. खाली गोसीखुर्द धरणाला ३३ दरवाजे आहेत. ते उघडले की पवनीकडच्या पात्रात पाणी चढते, मग तिथे पाऊस असो वा नसो. काठावरच्या झुडपांत अडकलेला पालापाचोळा, चिंध्या, प्लास्टिक पाहा. पूर कुठवर आला होता ते त्यावरून कळते. तंबू त्याच्याही वर हवा. आणि रेतीघाटाजवळ पोहायला जाऊ द्यायचे नाही. रेती उपसल्याने पडलेले डोह पाण्याखाली दिसत नाहीत.

झाडाचेही बघा. वाळक्या फांदीखाली तंबू नको, हे कोणालाही समजते. मार्च-एप्रिलमध्ये मोहाखाली नको, हे शहरातल्याला ठाऊक नसते. मोहफुलांवर अस्वल येते, तेही पहाटे. मोहफुले वेचायला जाणाऱ्या बायांनी हे पाहुण्यांना सांगावे, त्यांच्याएवढे कोण जाणते?

रात्री तंबूची चेन पूर्ण लावलेली हवी. मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते आणि चावा पुष्कळदा जाणवतही नाही. पोटात दुखले, पापण्या जड झाल्या, तर सकाळची वाट बघायची नाही, मांत्रिकाकडे तर नाहीच. १०८ ला फोन करून दवाखाना गाठायचा. उंच गवतात बसणे-झोपणेही टाळावे. त्यातल्या बारीक किड्यांच्या चाव्याने स्क्रब टायफसचा ताप येतो. पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या दिवसांत हा ताप जास्त असतो. म्हणून आम्ही म्हणतो, हे काम डिसेंबर ते फेब्रुवारीच करा. थंडी असते, पण गोधडी आपण देऊ शकतो.

पिण्याचे पाणी गावातून भरून न्यावे. अंभोऱ्याला पाच नद्यांचा संगम म्हणून लोक श्रद्धेने ओंजळ भरतात. पण नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानला आणि कन्हानमधून वैनगंगेला मिळते. दर्शन घ्या, पाणी पिऊ नका. शौचासाठी पाण्यापासून निदान २०० फुटांवर वीतभर खोल खड्डा करायचा आणि मातीने बुजवायचा. हे सांगायला लाज वाटते, असे काही जणी म्हणाल्या. तो घाट आपला आहे, तिथे सकाळी आपल्याच लेकी कपडे धुतात. मग लाज कशाची?

जंगलाचा नियम वेगळा. कोका अभयारण्य नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात आहे, पवनीकडे उमरेड-पवनी-कऱ्हांडला आहे. तिथे वनविभागाच्या परवानगीशिवाय शिरता येत नाही, मुक्काम तर दूरच, आणि आग लावणे गुन्हा आहे. "ओळखीने आत सोडतो" असे कोणी म्हणाले तरी गटाने त्यात पडू नये. खासगी शेतात मालकाची लेखी संमती घ्यावी आणि ग्रामपंचायतीला कळवावे. पोलीस पाटलांना नावे देऊन ठेवावी.

आता पैशाचे. लोणावळ्याजवळ पवना धरणाच्या काठी शेतकऱ्यांनी तंबूंचा धंदा उभा केला. त्याबरोबर मोठ्याने गाणी आणि दारूही आली. आपण तो रस्ता धरू नये, असे आम्हाला वाटते. दारू नाही, हे बुकिंगच्या वेळीच सांगायचे. त्यामुळे चार गिऱ्हाईक गेले तर जाऊ द्या. कुटुंबे येतील. रोडगे, वांग्याची भाजी, चिन्नोरचा भात यासाठी लोक पैसे देतात. पुढे वाढवायचे असेल तर राज्याचे २०२३ चे "आई" धोरण आहे. महिलांच्या पर्यटन व्यवसायाला १५ लाखांपर्यंतच्या कर्जावरचे व्याज १२ टक्क्यांच्या मर्यादेत परत मिळते. त्यासाठी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी लागते. पण पहिल्याच वर्षी कर्ज काढू नका. पाहुणे तंबू स्वतःचा आणतील, आपण जेवण, जागा आणि पाणी द्यावे.

आणि सुरू करण्याआधी गटातल्या चार-पाच जणींनी त्याच जागेवर एक रात्र राहून पाहावे. कुत्रे कुठून येतात, दव किती पडते, फोनला रेंज कुठे मिळते, हे पाहुणे येण्याआधी आपल्याला माहीत हवे. घरचे काय म्हणतील, याची काळजी असेल तर बैठकीत ठराव घ्या आणि ठरावाची प्रत घरी दाखवा. आमच्याकडे त्याने दोन सासवाही सोबत यायला तयार झाल्या.