चोवीस बरण्या आणि एक साडी (लेखांक ९)

ग्राहकापुढे जितका जास्त माल मांडावा तितकी विक्री वाढते, असे व्यापारात फार काळ धरून चालले जाई. या समजुतीला गाजलेला धक्का दिला तो जॅमच्या बरण्यांनी. शीना अय्यंगार आणि मार्क लेपर या मानसशास्त्रज्ञांनी कॅलिफोर्नियातील मेन्लो पार्क येथील एका उंची किराणा दुकानात जॅम चाखण्याचे टेबल मांडले. कधी त्यावर २४ प्रकार असत, कधी ६. भरलेल्या टेबलापाशी ६० टक्के लोक थांबले, लहान टेबलापाशी ४० टक्के. चाखले मात्र दोन्हीकडे सरासरी दीडेक प्रकारच. थांबलेल्यांपैकी जॅम विकत घेणारे पहिल्या टेबलाचे ३ टक्के निघाले, दुसऱ्याचे ३० टक्के. गर्दी मोठ्या टेबलाने जमवली, गल्ला लहान टेबलाने भरला.

हा प्रयोग २००० मध्ये प्रसिद्ध झाला आणि पुढे इतक्यांदा सांगितला गेला की त्याला नियमाचे वजन आले. तेवढे वजन त्याला पेलणारे नव्हते. २०१० मध्ये बेंजामिन शायबेहेने आणि सहकाऱ्यांनी अशा ५० प्रयोगांचे आकडे एकत्र केले, तेव्हा पर्याय वाढल्याचा सरासरी परिणाम शून्याच्या आसपास आला. काही ठिकाणी विक्री घटली होती, तर काही ठिकाणी वाढली होती. या फरकाचे एक कारण जॅमच्या टेबलावरच सापडते. स्ट्रॉबेरी, रासबेरी असे नेहमीचे स्वाद संशोधकांनी मुद्दाम वगळले होते. आपल्याला काय हवे हे आधीच ठाऊक असलेला माणूस २४ बरण्यांतूनही नेमकी आपली उचलतो. ते ठाऊक नसलेल्याला प्रत्येक बरणी हा नवा प्रश्न असतो.

साडीच्या दुकानातला मुरलेला विक्रेता हे प्रयोगाविनाच जाणतो. गिऱ्हाईक गादीवर टेकते न टेकते तोच तो विचारतो, ‘लग्नाची का रोजची? कितीपर्यंत दाखवू?’ मागे फडताळात शेकडो साड्या असतात, पण या दोन प्रश्नांत त्यांतल्या बहुतेक बाद होतात. मग तो भराभर उलगडत जातो. जिच्यावर नजर ठरली नाही ती मागच्या मागे पोऱ्याकडे, जिच्या पदराला हात लागला ती बाजूला. शेवटी गादीवर दोन-तीनच उरतात. माल भरपूर असल्याचा दिलासा आणि निवडीचा आटोपशीरपणा, दोन्ही एकाच बैठकीत मिळतात.

म्युच्युअल फंडांत असा विक्रेता नव्हता. एकाच फंड कंपनीच्या, एकाच धाटणीच्या योजना निरनिराळ्या नावांनी चालत. अखेर ऑक्टोबर २०१७ मध्ये भांडवल बाजाराची नियामक संस्था असलेल्या ‘सेबी’ने योजनांचे ३६ प्रकार ठरवून दिले आणि इंडेक्स फंडांसारखे अपवाद सोडून एका प्रकारात एका कंपनीची एकच योजना ठेवली. त्यामुळे अनेक योजना एकमेकींत विलीन झाल्या.

टंचाईत सुख होते, असा याचा अर्थ नाही. १९९१ पूर्वी स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षे थांबलेल्या पिढीला ते सांगायला नको. विपुलतेचा त्रास निराळा असतो आणि तो बहुधा खरेदीनंतर सुरू होतो. दुकानात एकच चप्पल असेल आणि ती चावली, तर दोष दुकानाला जातो. शंभरांतून निवडलेली चावली, तर तो स्वतःवर येतो. हर्बर्ट सायमन यांनी १९५० च्या दशकातच ‘पुरेसे चांगले’ मिळताच शोध थांबवण्याची रीत मांडली होती. ‘पुरेसे चांगले’ आणि ‘सर्वोत्तम’ शोधणाऱ्यांतल्या भेदावर आधारलेला नोकरी शोधणाऱ्या अमेरिकी विद्यार्थ्यांचा एक अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. सर्वोत्तमाच्याच मागे लागलेल्यांना सुमारे २० टक्के जास्त पगार मिळाला होता, तरी मिळालेल्या नोकरीवर ते कमी खूश होते.

निर्णय बदलण्याची मुभाही अशीच दगा देते. डॅनियल गिल्बर्ट आणि जेन एबर्ट यांच्या हार्वर्डमधील प्रयोगात विद्यार्थ्यांना स्वतः काढलेल्या दोन छायाचित्रांपैकी एक ठेवायचे होते. काहींना काही दिवसांत ते बदलून घेता येणार होते, काहींची निवड तिथेच पक्की होती. पक्की निवड केलेल्यांना आपले छायाचित्र जास्त आवडले. मात्र दोन्ही पद्धती आधी सांगून विचारले, तेव्हा बहुतेकांनी बदलाची मुभा असलेलीच मागितली.