परक्या सरकारवर दावा ठोकताना

१९७५मध्ये नायजेरियाने सुमारे दोन कोटी टन सिमेंट मागवून ठेवलं. लागोस बंदराबाहेर शेकडो जहाजं खोळंबली आणि सरकारने पैसे अडवले. नायजेरियाच्या मध्यवर्ती बँकेचं लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे पैसे देण्याची लेखी हमी, हाती असलेली ट्रेन्डटेक्स कंपनी लंडनच्या कोर्टात गेली. बँक म्हणाली, ‘आम्ही सरकारचाच भाग, आमच्यावर खटला चालत नाही.’ १९७७मध्ये अपील कोर्टातील न्यायाधीश लॉर्ड डेनिंग यांच्या पीठाने हा बचाव फेटाळला. सौदा व्यापारी असेल, तर सरकारपणाची ढाल चालणार नाही. हे रास्तच झालं. नाहीतर माल देणाऱ्याने दाद मागायची कुठे?

भारतात मात्र दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८६नुसार परक्या सरकारवरच्या दाव्याआधी केंद्र सरकारची लेखी संमती लागते, जप्तीसाठी पुन्हा वेगळी. लवाद हा कोर्टातला दावा नसतो, म्हणून सही करण्यापूर्वीच करारात लवादाचं कलम घालून घ्या.