आगीला शीव नसते

मार्च-एप्रिलमधील दुपार डोळ्यांसमोर आणा. सड्यावरचे गवत कडकडीत वाळले आहे, समुद्राकडून वारा सुटला आहे आणि कोठेतरी ठिणगी पडते. वणवा आंबा-काजूच्या बागेत शिरतो. पंधरा-वीस वर्षे जपलेली कलमे एका दुपारीत होरपळतात. बंब बोलवायचा, पण कोणाचा?

१९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने अग्निशमन सेवा हे नगरपालिकांच्या कामांपैकी एक मानले आहे. म्हणून रत्नागिरीचा बंब रत्नागिरीचा, चिपळूणचा चिपळूणचा, खेडचा खेडचा. औद्योगिक विकास महामंडळाची केंद्रे आणखी वेगळी. आगीला मात्र शीव कळत नाही. लोटे-परशुराम औद्योगिक वसाहत खेड आणि चिपळूण यांच्या मधोमध आहे. तेथे मोठी आग लागली, तर एकट्या केंद्राचे पाणी पुरेल काय? शेजारच्या गावांनी मिळून एकच अग्निशमन क्षेत्र केले तर काय साधेल? थोडे गणित करून पाहू.

हवा आणि जळण भरपूर असेपर्यंत आगीची शक्ती साधारणपणे काळाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. मध्यम वेगाची आग ५ मिनिटांत सुमारे १ मेगावॅट होते. म्हणजे ती १५ मिनिटांनी ९ मेगावॅट होईल. वेळ तिप्पट, आग नऊपट!

आता पाणी. ३० अंश सेल्सिअसचे १ लिटर पाणी उकळून त्याची पूर्ण वाफ होताना ते सुमारे २,५५० किलोज्यूल उष्णता शोषते. यातला मोठा वाटा बाष्पनाच्या अप्रकट उष्म्याचा असतो. या हिशेबाने ९ मेगावॅटच्या आगीला सेकंदाला साडेतीन लिटर पाणी पुरावे. पण बरेच पाणी वाहून वाया जाते. समजा, तिसरा हिस्साच कामी आला, तर मिनिटाला सुमारे ६३५ लिटर पाणी लागेल. ४,५०० लिटरचा बंब ७ मिनिटांत रिकामा होईल!

समजा, पहिला बंब १५ व्या मिनिटाला पोहोचला आणि २२ व्या मिनिटाला रिता झाला. शेजारचे गाव २० किलोमीटरवर आहे. घाटातून ताशी ४० किलोमीटर वेगाने यायला ३० मिनिटे लागतील. पाणी संपल्यावर निरोप धाडला, तर दुसरा बंब ५२ व्या मिनिटाला येईल. पहिल्या निरोपालाच दोन्ही बंब निघाले, तर तो ३० व्या मिनिटाला हजर असेल. बंब तेच, रस्ता तोच; पण २२ मिनिटे वाचली. संयुक्त क्षेत्राचा खरा लाभ हा आहे. हद्द न पाहता जवळचा बंब निघतो आणि दुसऱ्याला वेगळी परवानगी लागत नाही.

मग प्रत्येक गावाने आपला बंब ठेवायचा कशाला? समजा, एका गावात ५० दिवसांतून एकदा मोठी आग लागते. दोन गावांत एकाच दिवशी आग लागण्याची संभाव्यता २,५०० त १ येईल. पण हे गणित दोन घटना परस्परांपासून स्वतंत्र असतील तरच खरे. वणव्याच्या दिवसांत ऊन-वारा सगळीकडे सारखाच असतो. तेव्हा शेजाऱ्याच्या भरवशावर आपले केंद्र बंद करणे घातक ठरेल.

नुसत्या सद्भावनेनेही भागत नाही. १९०४ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतील बाल्टिमोर शहर पेटले. वॉशिंग्टन, फिलाडेल्फियाहून बंब धावून आले, पण त्यांच्या नळ्यांची तोंडे तेथील नळखांबांना बसेनात! दीड हजारांवर इमारती जळाल्या. म्हणून नळ्यांची जोडणी एकसारखी, सराव एकत्र आणि खर्चाची वाटणी आधीच ठरलेली असायला हवी.

आता तुम्ही एक करा. तालुक्याच्या नकाशावर शाळेपासून जवळच्या दोन अग्निशमन केंद्रांपर्यंत रस्त्याच्या वळणांवर दोरा ठेवून अंतर मोजा आणि बंबाला लागणारा वेळ काढा. तेवढ्या वेळात १ मेगावॅटची आग किती वाढेल? उत्तर वर्गात मांडा आणि गुरुजींना विचारा : आपल्या गावासाठी पहिला बंब कोणाचा आणि दुसरा कोणाचा?