आज्ञापंक्तीची कार्यजागा : मांडणी, लेखन व हस्तांतर

बदली होऊन आलेल्या शिक्षकास कार्यभार घेताना हजेरीपत्रके, जनरल रजिस्टर, कीर्द आणि जडवस्तू-संग्रह नोंदवही यांची यादी मिळते. त्या नोंदवहीत ‘संगणक संच – १’ अशी एक ओळ असते आणि संगणकाचा परिचय बहुधा तेथेच संपतो. आधीच्या शिक्षकाने त्यावर कोणत्या सोयी केल्या होत्या, गुणपत्रके कोठे ठेवली होती, त्यांच्या प्रती कशा काढल्या जात, यांपैकी काहीही लिहून ठेवलेले नसते. परिणामी चांगला चालणारा संगणकही काही दिवसांतच कापडाखाली झाकला जातो. संगणकावर स्वतःची कार्यजागा कशी रचावी आणि ती दुसऱ्यास सोपविता येईल अशी कशी ठेवावी, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. आज्ञांची नावे येथे उच्चारानुसार देवनागरीत दिली आहेत. संगणकावर ती इंग्रजी लहान अक्षरांत टंकित करावीत.

१. आज्ञापंक्ती म्हणजे काय?

संगणकाशी दोन प्रकारे व्यवहार करता येतो. चित्रांवर बोट वा माउस ठेवून काम करणे हा एक प्रकार, आणि शब्दांत आज्ञा लिहून काम करवून घेणे हा दुसरा. दुसऱ्या प्रकारात ‘टर्मिनल’ नावाची खिडकी उघडते. तीत लिहिलेली आज्ञा वाचून ती पार पाडणाऱ्या कार्यक्रमास ‘शेल’ म्हणतात. १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन व डेनिस रिची यांनी युनिक्स प्रणालीचा आरंभ केला. शेलची पद्धती त्या प्रणालीमुळे सर्वत्र पसरली. लिनक्सवर सामान्यतः आढळणारा ‘बॅश’ हा शेल ब्रायन फॉक्स यांनी लिहिला व तो १९८९ साली प्रसिद्ध झाला. पुढील विवेचन लिनक्स व बॅश यांस अनुसरून आहे.

ग्रामीण शाळेच्या दृष्टीने या पद्धतीचे दोन लाभ आहेत. आज्ञापंक्तीस स्मृती फार थोडी लागते, म्हणून जुना, मंद झालेला संगणकही तिच्यासाठी उपयोगी पडतो. दुसरा लाभ अधिक महत्त्वाचा आहे. चित्रांवर केलेली कृती हवेत विरते. लिहिलेली आज्ञा मात्र कागदावर उतरविता येते, तपासता येते व दुसऱ्यास देता येते.

२. पहिल्या आठवड्याचा अभ्यास

प्रारंभी मोजक्याच आज्ञा शिकाव्यात. ‘पीडब्ल्यूडी’ ही आपण कोणत्या फोल्डरात आहोत ते सांगते, ‘एलएस’ तेथील फाइलींची यादी देते, ‘सीडी’ने दुसऱ्या फोल्डरात जाता येते, ‘एमकेडिर’ने नवे फोल्डर तयार होते, ‘सीपी’ने प्रत निघते. कोणत्याही आज्ञेची माहिती हवी असल्यास ‘मॅन’ हा शब्द लिहून पुढे त्या आज्ञेचे नाव द्यावे. पूर्वी दिलेली आज्ञा वर जाणाऱ्या बाणाची कळ दाबून परत आणता येते.

‘आरएम’ या आज्ञेविषयी मात्र विशेष सावध असावे. तिने काढलेली फाइल कचरापेटीत जात नाही. ती तत्काळ नाहीशी होते. वर्षभराचे गुण एका चुकीच्या अक्षराने जाऊ शकतात. म्हणून सराव नेहमी ‘सराव’ नावाच्या वेगळ्या फोल्डरातच करावा.

३. व्यवस्थेची वही

बॅशची नवी खिडकी उघडताच तो शिक्षकाच्या निजी फोल्डरातील ‘.बॅशआरसी’ ही फाइल वाचतो व तीत लिहिल्याप्रमाणे कार्यजागा सिद्ध करतो. नावाच्या आरंभी बिंदू असल्यामुळे ही फाइल साध्या यादीत दिसत नाही. ‘एलएस’पुढे ‘-ए’ लिहिले म्हणजे दिसते. ही फाइल म्हणजे कार्यजागेची वहीच होय. तीत मुख्यतः तीन प्रकारच्या नोंदी कराव्यात.

पहिली नोंद लघुनामांची. ‘एलियस’ या शब्दाने लांब आज्ञेस छोटे नाव देता येते. उदाहरणार्थ, रोमन अक्षरांत ‘हजेरी’ एवढाच शब्द लिहिला असता चालू वर्षाच्या हजेरीचे फोल्डर उघडावे, अशी सोय एका ओळीत होते. येथे नवशिक्याची एक चूक हमखास होते : बरोबरीच्या चिन्हाच्या दोन्ही बाजूंस मोकळी जागा सोडली जाते. ती मुळीच सोडू नये, व मूळ आज्ञा अवतरणचिन्हांत लिहावी.

दुसरी नोंद सूचकाची. आज्ञा लिहिण्यापूर्वी पंक्तीच्या आरंभी जी खूण दिसते तिला ‘प्रॉम्प्ट’ म्हणतात. तीत चालू फोल्डराचे नाव दिसावे अशी योजना करावी. आपण कोठे उभे आहोत हे दिसत राहिले म्हणजे बऱ्याच चुका आपोआप टळतात.

तिसरी नोंद शोधमार्गाची. लिहिलेला शब्द ही कोणत्या कार्यक्रमाची आज्ञा आहे, हे शेल ‘पाथ’मध्ये नोंदलेल्या फोल्डरांतून शोधतो. निजी फोल्डरात ‘बिन’ नावाचे फोल्डर करून ते पाथमध्ये जोडले, की शिक्षकाने स्वतः लिहिलेले छोटे कार्यक्रमही इतर आज्ञांप्रमाणेच चालतात.

या फाइलीत बदल करण्यापूर्वी तिची एक प्रत काढून ठेवावी. बदलानंतर जुनी खिडकी बंद न करता नवी उघडून पाहावी. नवी नीट चालली तरच जुनी मिटावी. न चालल्यास जुन्या खिडकीतून दुरुस्ती करता येते. दुसऱ्याची तयार फाइल जशीच्या तशी उतरवून घेणे टाळावे. ज्या ओळीचा अर्थ सांगता येत नाही, ती ओळ आपल्या वहीत असू नये.

४. लेखनाचे साधन

फाइल लिहिण्यास प्रथम ‘नॅनो’ हा संपादक पुरेसा आहे. त्याच्या कळांची सूची पडद्याच्या तळाशीच दिसते. पुढे ज्यास अधिक वेग हवा असेल त्याने ‘विम’ शिकावा. त्यासोबत ‘विमट्यूटर’ हा पाठ येतो. तो साधारण अर्ध्या तासात पुरा होतो. विम हा ब्रॅम मूलेनार यांनी १९९१ साली प्रसिद्ध केला. तो विनामूल्य आहे. मात्र ज्यांना तो उपयोगी पडेल त्यांनी युगांडातील किबाले येथील गरजू मुलांस साहाय्य करावे, अशी विनंती त्यात केलेली आहे.

देवनागरीविषयी एक अडचण ध्यानात ठेवावी. अनेक टर्मिनलांत प्रत्येक अक्षरास ठराविक रुंदीचा चौकोन असल्याने जोडाक्षरे व मात्रा विस्कटलेल्या दिसतात. फाइलीतील मजकूर त्यामुळे बिघडत नाही. तो चित्रमय संपादकात नीट वाचता येतो. म्हणून फाइलींची नावे रोमन लिपीत व मोकळी जागा न सोडता ठेवावीत. आतील मजकूर खुशाल मराठीत असावा.

५. एक उपयुक्त कार्यक्रम

कार्यजागा सिद्ध झाली, की तिचा उपयोग स्वतःचा कार्यक्रम लिहिण्यासाठी करावा. गुणपत्रकांची प्रत दर शनिवारी पेन ड्राइव्हवर ठेवणे हे काम आरंभास योग्य होय. ‘बिन’ फोल्डरात एक फाइल उघडावी. पहिल्या ओळीत ती बॅशने वाचावी असे नमूद करावे. दुसऱ्या ओळीत पेन ड्राइव्ह लावला आहे की नाही हे तपासावे, व नसल्यास तसे कळवून थांबावे. तिसऱ्या ओळीत ‘डेट’ आज्ञेकडून वर्ष, महिना, दिवस या क्रमाने तारीख घेऊन त्या नावाचे फोल्डर करावे. या क्रमामुळे यादीत प्रती आपोआप कालानुक्रमे लागतात. चौथ्या ओळीत गुणांचे फोल्डर तेथे उतरवावे. शेवटी ‘सीएचमॉड’ या आज्ञेने फाइलीस कार्यक्रम म्हणून चालण्याची अनुज्ञा द्यावी. चार ओळींचे हे लेखन एखाद्या दिवशी वर्षाची मेहनत वाचवील.

६. जतन व हस्तांतर

व्यवस्थेच्या सर्व फाइली एका फोल्डरात ठेवून त्यांवर ‘गिट’ची नोंद ठेवावी. हे साधन लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली निर्माण केले. कोणत्या दिवशी कोणती ओळ का बदलली, याचा इतिहास ते राखते व मागील स्थिती परत आणून देते. प्रत्येक बदलासोबत मराठीत एक वाक्य लिहावे. मात्र या फोल्डरात संकेतशब्द, विद्यार्थ्यांचे आधार क्रमांक अथवा घरचे पत्ते कदापि ठेवू नयेत. ते इतिहासात एकदा शिरले, की काढणे कठीण जाते.

बॅशच्या फाइलीत ‘हॅश’ चिन्हापुढील मजकूर शेल वाचत नाही. तो मनुष्यासाठी असतो. प्रत्येक नोंदीच्या वर या चिन्हापुढे तिचे प्रयोजन मराठीत लिहावे. ‘ही ओळ हजेरीचे फोल्डर उघडते, जूनमध्ये वर्ष बदलावे’ एवढे वाक्य पुढच्या शिक्षकाचा एक दिवस वाचविते.

मांडणी खरोखर पुरी झाली की नाही, याची कसोटी सोपी आहे. त्याच संगणकावर नवे खाते उघडावे आणि केवळ लिहून ठेवलेल्या सूचनांवरून, स्मरणाचा आधार न घेता, सर्व कार्यजागा पुन्हा उभी करावी. जेथे अडावे लागेल, तेथे सूचना अपुरी आहे असे समजून ती दुरुस्त करावी. ही कसोटी सहकारी शिक्षकाकडून करवून घेतल्यास अधिक उत्तम.

त्यानंतर सूचनांचा कागद छापून, तारीख घालून, जडवस्तू-संग्रह नोंदवहीत ‘संगणक संच – १’ या ओळीजवळ लावावा. पुढे येणाऱ्या शिक्षकास तो कागद कार्यभारासोबतच मिळेल, आणि त्यास संगणक पहिल्या आठवड्यातच कामास लावता येईल.