पितळी पुंगळ्या कशाने घासतात? पावसाळ्यात काय सांभाळावे?

आंबोली हे महाराष्ट्रातील सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांपैकी एक. पावसाळ्याच्या दमट हवेत समई, घंटा, तांब्या लवकर काळवंडतात. काडतुसाची पुंगळीही पितळेचीच असते: साधारण ७० टक्के तांबे, ३० टक्के जस्त. काही देशांत नेमबाज वापरलेल्या पुंगळ्या साफ करून पुन्हा भरतात. भारतात काडतुसे बनवायला शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार परवाना लागतो. मात्र घासण्याची ही पद्धत कुठल्याही लहान पितळी वस्तूला लागू पडते.

भरडा कोणता?

फिरत्या किंवा थरथरणाऱ्या पिंपात वस्तू आणि भरडा एकत्र घालतात. दाणे काढलेल्या मक्याच्या कणसाचा भरडा मऊ असतो. तो चकाकी आणतो. अक्रोडाच्या कवचाचा भुगा अधिक कठीण असल्याने जुना काळेपणा लवकर काढतो, पण धूळ जास्त करतो. स्टीलच्या बारीक पिना पाणी, साबण आणि किंचित सायट्रिक आम्लासह वापरतात. त्या आतून-बाहेरून साफ करतात आणि वर्षानुवर्षे टिकतात. आम्लात वस्तू जास्त वेळ राहिली, तर जस्त निघून पृष्ठभाग गुलाबी पडतो. चिंच-लिंबाने भांडी घासतानाही म्हणूनच लगेच भरपूर पाण्याने धुवावे.

निगा कशी राखावी?

कोरडा भरडा ओल शोषतो. दमट हवेत तो झाकणबंद डब्यात ठेवावा, गोळे झाले तर उन्हात वाळवावा, काळा पडून काम मंदावले की बदलावा. वापरलेल्या पुंगळ्यांच्या धुळीत शिसे असू शकते. त्यामुळे भरडा उघड्यावर, मास्क लावूनच चाळावा. नंतर हात धुवावेत. पिनांनी घासलेल्या वस्तू पूर्ण वाळवूनच ठेवाव्यात.

अमोनिया का नको?

ब्रिटिश काळात भारतात पावसाळ्यात तबेल्यांजवळ साठवलेल्या काडतुसांना आपोआप तडे जात. कारण १९२१ मध्ये स्पष्ट झाले: घोड्यांच्या मूत्रातून येणारा अमोनिया ओलाव्यात विरघळून, घडवताना आतून ताण राहिलेल्या पितळेला चिरत होता. त्यावर उपाय म्हणजे पितळ मंद तापवून तो ताण घालवणे.

काही पॉलिशमध्ये आजही अमोनिया असतो. तो भरड्यात मिसळू नये. पितळ वरून चकचकीत दिसते, पण तडा आतून वाढत असू शकतो. म्हणून पॉलिश घेण्याआधी डब्यावरचे घटक वाचावेत.